बाथरूममधल्या माणसाची फ्रेम

फोटो फ्रेम करायला कोणी आलं की आमचे मास्तर आधी फोटोकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्याकडे बघायचे. मग लाकडी खुर्ची पुढे सरकवायचे, तो बसेपर्यंत थांबायचे आणि विचारायचे, "हसायचे कसे?"

दुकानात येणारे निम्म्याहून अधिक फोटो गेलेल्या माणसांचे असत. आणणारा आधीच अर्धमेला. त्याला वाटलेलं असायचं की हा माणूस लांबी-रुंदी विचारेल. तो गोंधळायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मग सांगायला लागायचा. कोणाची आई तोंडावर हात धरून हसायची. कोणाचा भाऊ हसता हसता समोरच्याच्या पाठीत धपाटे घालायचा. कोणाचे वडील हसायचेच नाहीत, फार तर नाक खाजवायचे. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे, भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांच्या नमुन्यांतून एक कोपरा काढायचे, फोटोला टेकवायचे आणि म्हणायचे, "ही घ्या. ही त्यांची." सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला "दुसरी दाखवा" म्हणताना मी ऐकलं नाही.

मला हा सगळा प्रकार म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा आधीच्या दोन नोकऱ्यांतून भांडून बाहेर पडलेला होतो, आणि तिसरीतूनही पडायची माझी तयारी होती. फोटो बारा बाय पंधरा, पट्टी दीड इंची, विषय संपला, असं माझं सरळ म्हणणं. ते मी लपवलंही नाही. त्यावरून मास्तरांनी माझं नाव 'घाई' ठेवलं. "घाईला विचारा", "घाई जेवायला गेलाय". काही गिऱ्हाइकांना ते माझं आडनाव वाटायचं. मी करवतीने पट्टी कापली, कोपरे जोडले की मास्तर प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं की फ्रेम परत माझ्या अंगावर. एकदाही "चांगली झालीय" म्हणाले नाहीत. नख अडकलं नाही तर नुसतं "हं" म्हणायचे, आणि तेवढ्यावर मी दिवस काढायचो.

पट्ट्यांचे त्यांचे नियम होते. बारीक काळी, ऐन तारुण्यात गेलेल्यांना. चांदीच्या रंगाची, कमी बोलणाऱ्या बायकांना. सोनेरी वेलबुट्टीची रुंद पट्टी, जे अंग हलवून हसायचे त्यांना. आणि दोन इंची तपकिरी, आतल्या कडेला सोन्याची एकच रेघ असलेली, तिला ते 'न हसणाऱ्यांची पट्टी' म्हणायचे. घरात ज्यांचा दरारा होता अशा म्हाताऱ्यांसाठी. तिचाच खप सगळ्यांत जास्त. यावरून घराघरांतल्या म्हाताऱ्यांबद्दल काय ते समजून घ्या.

फोटो बसवताना ते फोटोतल्या माणसाशी बोलायचे. "काका, जरा मान वर", "आजी, काच गार लागेल हां". आमच्या दुकानात चारी भिंतींवर अनोळखी माणसं, आणि त्यांच्यामध्ये मास्तर असे वावरायचे जसे काही सगळे त्यांचे मामे-मावसभाऊ आहेत. मी खाली मान घालून खिळे ठोकायचो.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग गिऱ्हाइकांची कामं. एका घराचे आजोबा दुसऱ्या घरी पोचले. ते मी निस्तरलं, माफी मागितली, कोणाला काही कळू दिलं नाही. पण एक दिवस एक बाई मुलीचा फोटो घेऊन आली. मुलगी शाळेत धावण्यात पहिली आली होती, हातात कप होता. मास्तरांनी खुर्ची सरकवली, बाई बसली, आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हसायची कशी?"

बाई पांढरीफटक पडली. फोटो उचलून निघून गेली. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "फार लागलंय तिला. आताच गेली असणार पोर." त्या संध्याकाळी दुकानाच्या किल्ल्या माझ्या खिशात आल्या. मी मागितल्या नव्हत्या. त्यांनी दिल्याही नव्हत्या. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्या सदऱ्यातून काढून माझ्या हातावर ठेवल्या.

त्यानंतर दीडेक वर्ष मास्तर घरीच होते. पेपर उलटा धरायचे, पण धरायचे. काकूंना कधी ओळखायचे, कधी "आपण कोण?" विचारायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातातून गेली नव्हती. रोज सकाळी बाथरूममधल्या आरशासमोर उभे राहून ते शिट्टी वाजवत स्वतःची दाढी स्वतः करायचे, आणि मग आंघोळ. गाल कुठे ओढायचा, हनुवटीखाली पातं कसं वळवायचं, सगळं हाताला ठाऊक. काकू म्हणायच्या, "तेवढा अर्धा तास मला माझा नवरा परत मिळतो रे."

आणि एका सकाळी ते तोंडाला फेस लावून बाहेर आले. म्हणाले, "आत माणूस आहे."

काकूंना आधी वाटलं गंमत करताहेत. आत जाऊन बघितलं, कोणी नाही. पण मास्तर काही केल्या आत जाईनात. दुसऱ्या दिवशीही तेच. "तो अजून तिथेच आहे. माझ्याकडे बघतो." काकूंनी आरशावर टॉवेल टाकला, तर त्यांनी तो ओढून काढला, कारण मागे कोण लपलंय ते बघायला हवं. कागद चिकटवला, तो त्यांनी नखांनी सोलला. आरसाच काढून टाकावा तर तो टाइल्सवर असा घट्ट बसवलेला की कारागीर म्हणाला, काढला तर भिंत सोलून निघेल. आणि खरं सांगायचं तर काकूंना आरसा काढायचा नव्हताच. आरसा गेला की दाढी गेली, आणि दाढी गेली की तो अर्धा तासही गेला. शेवटी एकदा मास्तरांनी पाण्याचा मग त्या माणसाच्या तोंडावर फेकून मारला. आरसा वाचला. उडालेला मग काकूंच्या भुवईवर लागला.

मग चिरंजीव आले. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, दूरच्या शहरात नोकरी. माणूस वाईट नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही येत नाही. तो म्हणाला, "आई, आंघोळ नाही, काही नाही, बाबांच्या अंगाला वास येतोय. तुला त्यांना ओढता येत नाही. उद्या तू पडलीस तर दोघांकडे कोण बघणार?" एका संस्थेत जागा होती. अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी माणसं तिथे असतात. जागा पंधरा दिवस धरून ठेवतो म्हणाले होते. "पंधरा दिवसांत बाबा आंघोळीला जायला लागले तर राहू देत इथे. नाहीतर मी गाडी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. भुवईला पट्टी. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण या दुकानात त्या दहा वेळाही आल्या नसतील. खुर्चीवर बसल्या आणि भिंतीवरच्या माणसांकडे बघत राहिल्या.

"एक विचारू? हे तुझ्या दुकानात कधी कुठल्या फोटोला घाबरले का रे?"

"फोटोला कशाला घाबरतील?"

"तेच म्हणते मी. अनोळखी माणूस फ्रेमच्या आत असला तर यांना भीती वाटत नाही. आयुष्य गेलं त्यांच्यात. मग आपण आरशालाच फ्रेम लावली तर? तो माणूस आपोआप फ्रेमच्या आत जाईल."

मी हातातली करवत खाली ठेवली. डॉक्टर झाले, चिरंजीव झाले, मी झालो, कोणाच्या डोक्यात आलं नाही ते या बाईच्या डोक्यात आलं होतं. त्या घरात दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणारही नव्हतं.

"माप आहे?"

"दीड फूट बाय दोन फूट. दोनदा मोजलंय."

मग काकू उठल्या आणि नमुने बघायला लागल्या. एकेक कोपरा हातात घेऊन, उजेडात धरून. "इतक्या फ्रेमा केल्या यांनी, आमच्या घरात एक नाही. मागितली की म्हणायचे, आपलं कोणी गेलं की लावू." फिरत फिरत त्या वेलबुट्टीशी येऊन थांबल्या. सोनेरी, फायबरची, पानापानांतून कळ्या डोकावणारी. त्यांनी तो कोपरा उचलून स्वतःच्या चेहऱ्याशी धरला आणि समोरच्या काचेत बघितलं. एक डोळा, अर्धं नाक, भुवईवरची पट्टी आणि भोवती सोन्याची पानं. त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग वाढतच गेलं. "अगं बाई, राणीसरकार! घाई, बघ तरी..."

"काकू, आरशाला लावायची आहे, तुम्हाला नाही," मी म्हणालो. मला दुपारपर्यंत सहा फ्रेमा द्यायच्या होत्या.

त्यांनी हसू आवरलं. कोपरा परत खिळ्याला टांगला. "नाही, पण हीच छान वाटते रे. दाढी करताना बरं वाटेल यांना."

मी शहाणपणा केला. म्हणालो, सोनेरी चकाकते, दिव्याची तिरीप डोळ्यांवर येईल, मास्तर पुन्हा बिथरतील. त्यांच्या हाताला सवयीची हवी. आणि दोन इंची तपकिरी पुढे केली. आतल्या कडेला सोन्याची एकच रेघ. "ही त्यांनी हजारांनी केली असेल. बघितल्याबरोबर ओळखतील." ती कोणाची पट्टी ते मला माहीत होतं. पण मास्तरांच्या त्या नियमांना मी सव्वीस वर्षांत कधी भीक घातली नव्हती, तेव्हा आता कशाला घालू? शिवाय ती कापून तयार पडली होती. वेलबुट्टी संपत आली होती, मागवावी लागली असती.

"तुला कळतं त्यातलं," काकू म्हणाल्या.

त्याच दिवशी मी फ्रेम जोडली आणि चिकटवून आलो. बाथरूममध्ये लाकूड लावू नये हे कुठलाही शिकाऊ सांगेल. वार्निशचा एक हात जास्त दिला आणि मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना इतका हलका झाला होता. "गेले रे आत! बघितलं त्याच्याकडे, 'अरे वा' म्हणाले. ओरडणं नाही, काही नाही." मी दुकानात एकटाच होतो. भिंतीवरच्या एका कडक म्हाताऱ्याकडे बघून मीसुद्धा म्हणालो, "बघितलंत?"

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. मास्तर आत जात होते, हे खरं. पण आत गेले की आरशासमोर अदबीने उभे राहायचे, क्षणभर मान खाली घालायचे आणि उलट पावली बाहेर यायचे. कपडे काढायला तयार नाहीत. काकूंनी बटणाला हात लावला तर दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, त्यांच्यासमोर? त्यांच्या घरची माणसं यायची आहेत अजून."

भीती गेली होती आणि तिच्या जागी सभ्यता आली होती. भीतीशी भांडता येतं हो. सभ्यतेपुढे काकूंनी हात टेकले. त्या माणसाच्या देखत आंघोळ नाही, दाढी नाही, शिट्टीसुद्धा नाही. काकू ओल्या फडक्याने अंग पुसायच्या, तेवढंच. एकेक दिवस जात होता. पांढरी दाढी वाढत होती, आणि आरशातला माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त परका होत होता.

बाराव्या दिवशी मी घरी गेलो. मास्तर बाथरूममध्ये आरशासमोर उभे होते. काकू दारात, मी त्यांच्यामागे. आरशात आम्हीही दिसत असणार, पण मास्तरांची नजर त्या एका माणसावर. जरा वेळाने त्यांचं काकूंकडे लक्ष गेलं.

"बाई, आपण यांच्या कोण?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "बायको," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल पायाने हळूच पुढे सरकवलं. "बसा." काकू बसल्या. मास्तर त्या बसेपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी विचारलं.

"हसायचे कसे?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. सव्वीस वर्षांत मी तो प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता आणि दरवेळी घड्याळाकडे बघितलं होतं.

काकूंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आवाजच यायचा नाही आधी. नुसते खांदे हलायचे. मला वाटायचं ठसका लागला. मग डोळ्यांतून पाणी. मग चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे, नीट धर म्हणायचे, आणि मग हसायचे. टेबलावरचे कप वाजायचे. सगळं संपलं की एकदाच 'हं' म्हणायचे आणि चष्मा परत मागायचे."

मास्तर मन लावून ऐकत होते. मग त्यांनी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. दमटपणाने लाकूड फुगलं होतं. नख अडकलं.

"ही यांची नाही," ते म्हणाले. "ही न हसणाऱ्यांची पट्टी आहे. एवढ्या हसणाऱ्या माणसाला ही कोणी लावली?"

"मीच सांगितली होती," काकू पटकन म्हणाल्या. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी.

"असू द्या. अशा वेळी सुचत नाही माणसाला. वेलबुट्टीची लावू. दुकानात आमचा एक माणूस आहे, त्याला सांगतो. जरा घाई करतो, पण हात फार चांगला आहे त्याचा." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्याला सांगू नका मी असं म्हणालो ते."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

वेलबुट्टीची पट्टी मागवली. माल पाठवणारा उद्या देतो म्हणाला, मग परवा. त्याला फोनवर मी नाही नाही ते बोललो. पट्टी आली चौथ्या दिवशी. मी जन्मात कापली नसेल इतकी सावकाश कापली, कोपरे जोडले, चारी कोपऱ्यांवर नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. फ्रेम घेऊन घरी पोचलो तर दाराशी मास्तरांच्या चपला नव्हत्या.

चिरंजीव आदल्या दिवशीच येऊन गेले होते, बोलल्याप्रमाणे, पंधराव्या दिवशी. काकूंनी सांगितलं की मास्तरांनी काही त्रास दिला नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "त्या बाई आल्या तर बसवून ठेवा." संस्थेत पोचल्यावर तिथल्या माणसांनी त्यांची दाढी मशिनने साफ केली आणि दोघांनी धरून आंघोळ घातली. मुलाने फोन करून हे कळवलं, आईला बरं वाटावं म्हणून. काकू मला म्हणाल्या, "दहा मिनिटांत झालं म्हणे."

मी बाथरूममध्ये गेलो आणि जुनी फ्रेम काढायला लागलो. काकू मागून आल्या. "राहू दे."

"काकू, तुम्ही निवडलेली आणलीय. बघा तरी. चुकलो मी तेव्हा."

"छान झालीय," त्यांनी पानांवरून हात फिरवला. "पण राहू दे ती. आता या आरशात मी एकटीच असते. मला हीच बरोबर आहे."

मी नवी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. नळाच्या तोटीतून थेंब पडत होता, ती त्यांनी दोनदा घट्ट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घाई, मी कशी हसायचे रे? हे नाही आता सांगणार. तुला आठवतं?"

सव्वीस वर्षांत त्यांचं हसणं मी एकदाच ऐकलं होतं, त्या दिवशी दुकानात, आणि तेही मी पुरतं होऊ दिलं नव्हतं.